धातूचा ‘पुंज’ की ‘गुच्छ’?

‘अर्धसंवाहकाच्या पृष्ठभागावरील धातुपुंजांमधील पुंज परिणाम’ हे शीर्षक बरोबर आहे का, आणि त्यातले दोन्ही पुंज एकच आहेत का, अशी विचारणा झाली आहे. व्याकरणाच्या दृष्टीने शीर्षकात चूक नाही. मात्र पहिला पुंज ‘क्लस्टर’साठी, म्हणजे एकत्र आलेल्या मोजक्या अणूंच्या समूहासाठी आला आहे आणि दुसरा ‘क्वांटम’साठी. पुंजयामिकी, पुंज सिद्धांत हे शब्द मराठीत केव्हाच रुळले असल्यामुळे दुसरा पुंज कायम ठेवावा आणि पहिल्याच्या जागी ‘गुच्छ’ वापरावा, असे माझे मत आहे.

केवळ घोटाळा टाळण्यासाठी मी हे सुचवत नाही. पुंज म्हणजे रास. कापसाच्या पुंजक्यातून चार तंतू काढले तरी तो पुंजकाच राहतो. अणूंच्या गुच्छात मात्र नेमक्या संख्येला महत्त्व असते. 1984 मध्ये सोडियमच्या वाफेतून तयार केलेल्या गुच्छांमध्ये 8, 20, 40 आणि 58 अणूंचे गुच्छ शेजारच्या संख्यांपेक्षा ठळकपणे जास्त आढळले, कारण त्या संख्यांना इलेक्ट्रॉनांची कवचे पूर्ण भरतात.

सिलिकॉन या अर्धसंवाहकावर (सेमीकंडक्टरवर) कमी तापमानाला शिशाचा थर दिला असता जे सपाट माथ्याचे उंचवटे तयार होतात, त्यांना मात्र गुच्छही म्हणू नये. अभ्यासक त्यांना ‘आयलंड’ म्हणतात, तेव्हा मराठीत सरळ ‘बेट’ म्हणावे. ही बेटे वाटेल त्या उंचीची होत नाहीत. सात अणुथरांची उंची त्यांना विशेष मानवते. शिशातील सर्वांत जास्त ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांची तरंगलांबी सुमारे 0.4 नॅनोमीटर आणि दोन थरांमधले अंतर 0.286 नॅनोमीटर असल्यामुळे दोन थरांच्या जाडीत जवळजवळ तीन अर्धतरंग मावतात, आणि म्हणून एकाआड एक थराला बेटाचे स्थैर्य कमीजास्त होत जाते. सिलिकॉनमध्ये त्या ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांना थाराच नसल्यामुळे ते बेटातच कोंडले जातात. अर्धसंवाहकाचा पृष्ठभाग निवडण्यामागे हे मोठे कारण आहे.

शीर्षकात ‘क्वांटम साइझ इफेक्ट’, म्हणजे वस्तू फार लहान झाल्यामुळे दिसणारा असा पुंज परिणाम, आणायचा असेल, तर ‘पुंज आकार परिणाम’ असे लिहू नये. आकार म्हटले की मराठी वाचकाला प्रथम गोल, चौकोनी असे रूप आठवते. येथे प्रश्न लांबी-रुंदी-उंचीचा आहे, म्हणून ‘पुंज आकारमान परिणाम’ हेच योग्य.