‘सुटलो’ म्हणजे नेमकं काय?

तासगावकडचा एक तरुण आईला घेऊन आला. एका सरकारी महामंडळात चालक म्हणून निवड झालेली, हातात साक्षांकन नमुना, म्हणजे नेमणुकीआधी पूर्ववृत्त विचारणारा फॉर्म. कधी अटक झाली होती का, कधी दोषी ठरवलं होतं का, खटला चालू आहे का? तिन्ही प्रश्नांपुढं पेन्सिलीनं ‘नाही’.

“बांधाच्या भांडणात चुलत्याला खोऱ्याचा दांडा मारला होता ह्यानं,” आई म्हणाली. “पण कोर्टानं सोडलंय की साहेब. आता कशाला लिहायचं?”

पिशवीत सातबारे होते, निकालपत्र नव्हतं. बहुतेकांचं इथंच अडतं. निर्दोष सुटका, तडजोड आणि दोषी ठरवून बाँडवर (चांगलं वागण्याच्या लेखी हमीवर) सोडणं, तिन्हीला आपल्याकडं एकच शब्द: सुटलो. कोर्टानं मान्य केलेली तडजोड निर्दोष सुटकेसारखीच धरतात. बाँडवर सुटलेल्याचा तुरुंग टळतो, दोष राहतो.

ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या वेबसाइटवर नावावरून केस नंबर मिळाला. तो घालून नकलेचा अर्ज केला, निकालाची प्रमाणित प्रत आली. शेवटचं पान आधी वाचायचं. त्यावर होतं: जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३२४ (घातक हत्यारानं दुखापत) खाली दोषी, प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अ‍ॅक्ट १९५८, कलम ४ प्रमाणे एक वर्षाचा बाँड.

या कायद्याचं कलम १२ कामाचं आहे. कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्याला, दुसऱ्या कायद्यानं शिक्षेमुळं येणारी अपात्रता लागत नाही. बाँड मोडून मूळ गुन्ह्याची शिक्षा झाली तर हे संरक्षण जातं. पण दोष पुसला जात नाही, म्हणून दुसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ हे खोटंच. पुढं चारित्र्य पडताळणीत पोलीस ठाण्याची नोंद निघते आणि मग मारामारीपेक्षा लपवाछपवी महागात पडते. अवतार सिंग प्रकरणात (२०१६) सुप्रीम कोर्टानं किरकोळ गुन्हा लपवल्याकडं काणाडोळा करायची मुभा दिली, पण ती मालकाला. उमेदवाराचा तो हक्क नव्हे. खरं सांगितलं तरी मालक पूर्ववृत्त तपासू शकतो, नेमणुकीची हमी नाही. हे आईला पटवायला वेळ लागला.

पेन्सिल खोडली. अटक: होय. दोषी: होय, पुढं केस नंबर, कोर्ट, कलम, निकालाची तारीख, ‘बाँडची मुदत पूर्ण’. चालू खटला: नाही.

“मग लायसन्स जाईल का?” नाही. भांडणात गाडी वापरली नव्हती आणि एका मारामारीनं कुणी सराईत गुन्हेगार ठरत नाही. पासपोर्ट? नैतिक अधःपतनाचा गुन्हा, किमान दोन वर्षांची कैद आणि ती मागच्या पाच वर्षांतली, असं असेल तर नाकारू शकतात. इथं कैदच नव्हती. खासगी सुरक्षारक्षकाच्या कामाला मात्र २००५ च्या कायद्यात दोषी ठरलेल्याला मनाई आहे; कलम १२ नं ती टळते का, हे आधी वकिलाला विचारायचं.

नकला दोन काढायला सांगितल्या. एक फॉर्मला जोडायची, दुसरी सातबाऱ्यांच्या पिशवीत.