मिड-साइझ मॅक्सी स्कूटर घेताना ३९ किलोंचा फरक किती मोठा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजवर साधारण ११० किलोची १२५ सीसी स्कूटर चालवली आहे, उंची ५ फूट ४ इंच, वजन ६० किलो. आता मॅक्सी स्कूटर, म्हणजे मोठ्या इंजिनाची आणि लांब-रुंद अंगाची स्कूटर, घ्यायची आहे आणि मन यामाहा एक्समॅक्स ३०० (२०२२ पर्यंतचं मॉडेल, १७९ किलो) आणि सुझुकी बर्गमन ४०० (२१८ किलो) या दोघींत अडकलं आहे. ३९ किलो जास्तीची गाडी तुम्हाला सावरता येईल का, वळणात जड जाईल का?

मी सहा वर्षं बर्गमन ४०० चालवली आणि गेली दोन वर्षं होंडा फोर्झा ३५० चालवतो आहे. म्हणजे जडाकडून हलक्याकडे आलो. त्या अनुभवावरून आधी एकच सांगतो: किलोचा आकडा बघा, पण त्याआधी गाडीवर बसून तुमची टाच जमिनीला लागते का ते बघा.

कारण सोपं आहे. उभी गाडी सरळ असते तेव्हा तिचं वजन टायरवर असतं, तुमच्या हातापायांवर नसतं. ती कलायला लागली की मगच भार तुमच्यावर येतो, आणि किती येतो हे किती कलली यावर ठरतं. ढोबळ हिशोब करू. गाडीचा गुरुत्वमध्य टायरपासून अर्धा मीटर वर आणि हँडल एक मीटर वर धरा. २१८ किलोची गाडी ५ अंश कलली तर हँडलपाशी साधारण साडेनऊ किलोचा जोर लावून ती धरावी लागते. १७९ किलोच्या गाडीला पावणेआठ. पावणेदोन किलोंचा फरक, तो हाताला कळतही नाही. पण १५ अंशांवर तेच आकडे २८ आणि २३ होतात, ३० अंशांवर ५४ आणि ४५. तिथे दोन्ही गाड्या ६० किलोच्या माणसाच्या हातून निसटण्याच्या बेतात असतात. आता उलट बाजूनं बघा: हलकी गाडी १५ अंश कलली तर ती ५ अंश कललेल्या जड गाडीच्या जवळजवळ अडीचपट भारी वाटते. म्हणून कलणं लवकर थांबवता आलं पाहिजे, आणि ते थांबवतो तो पाय.

इथे तुमच्या दोन्ही पर्यायांचं चित्र पालटतं. बर्गमनची सीट ७५५ मिलिमीटर उंच आहे, एक्समॅक्सची ७९५. तुमच्या उंचीला ४ सेंटिमीटर फार होतात. एक्समॅक्सवर तुम्ही बहुधा चवड्यांवर याल, सिग्नलला एकच पाय नीट टेकवण्यासाठी कंबर सरकवावी लागेल. बर्गमनवर टाचा टेकण्याची शक्यता जास्त. म्हणजे थांबलेल्या अवस्थेत ३९ किलो जास्त असलेली गाडी तुम्हाला सोपी वाटू शकते. ‘शकते’ म्हणतोय कारण मॅक्सी स्कूटरची सीट रुंद असते, मांड्या फाकतात आणि उंचीचा आकडा खोटा पडतो. सीटचा पुढचा भाग किती निमुळता आहे आणि पायठेवणीची कड पोटरीला कुठे अडते, हे कागदावर छापलेलं नसतं. रोज घालता तेच बूट घालून बसून बघा.

दुसरी गोष्ट, इंजिन बंद ठेवून ढकलणं. इथे मात्र किलो थेट मोजले जातात. वीस फुटांत एक फूट इतका साधा चढ असला तरी बर्गमनला जवळपास ११ किलोचा जोर सतत लावावा लागतो, एक्समॅक्सला ९. वर टायरचं घर्षण. मॅक्सी स्कूटरला सहसा रिव्हर्स गिअर नसतो, त्यामुळे उताराला नाक करून लावलेली गाडी मागे खेचताना ही गोष्ट फार जाणवते. मी गाडी बदलली ती याचसाठी. माझी पार्किंगची जागा बदलली, रोज सकाळी गाडी चढावर मागे ओढायची वेळ आली आणि वर्षभरात कंबर बोलायला लागली. चालवताना त्या गाडीच्या वजनाचा मला एकदाही त्रास झाला नव्हता. तुमची रोजची पार्किंगची जागा कशी आहे हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही, पण माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच आहे.

आता चालती गाडी. वेग धरला की तोल गाडी स्वतःच सांभाळते, आणि वजनाचा प्रश्न ‘किती’ यापेक्षा ‘कुठे’ असा होतो. बहुतेक स्कूटरमध्ये इंजिन, व्हेरिएटर (पट्ट्यावर चालणारी, आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा) आणि मागचं चाक हा एकच गठ्ठा असतो आणि तो अख्खा चाकाबरोबर वरखाली होतो. खड्डा आला की शॉकअब्सॉर्बरला नुसतं चाक नाही, इंजिनसुद्धा आवरायचं असतं. मॅक्सी स्कूटरचा मागून बसणारा दणका येतो तो इथून. यामाहाच्याच टीमॅक्समध्ये इंजिन फ्रेमला पक्कं बसवलेलं असतं आणि मागे मोटरसायकलसारखा वेगळा स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरून वरखाली होणारा दांडा, असतो. २०२० ची टीमॅक्स ५६० घ्या, वजन २१८ किलो, म्हणजे बर्गमनइतकंच. पण सीट ८०० मिलिमीटर. ती वळणात घालायला सुरेख आहे, आणि तुमच्या उंचीच्या माणसाला थांबताना बर्गमनपेक्षा कितीतरी अवघड. वजनाचा आकडा तोच, गाडी पूर्ण वेगळी.

तुमच्या दोघींपैकी एक्समॅक्स दिशा बदलायला चपळ आहे, यात शंका नाही. तिचा पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, मोटरसायकलसारखा वर आणि खाली अशा दोन ठिकाणी पकडलेला आहे. त्यामुळे जोरात ब्रेक मारताना किंवा वळणात खड्डा लागला तरी हँडल नेमकं राहतं. बर्गमन लांब आहे, दोन चाकांतलं अंतर १५८० मिलिमीटर, एक्समॅक्सचं १५४०, माझ्या फोर्झाचं १५१०. लांब आणि जड गाडी सरळ रस्त्यावर शांत चालते, मोठ्या ट्रकच्या वाऱ्यानं कमी हलते. तीच गाडी अरुंद जागेत यू-टर्न घेताना जास्त रस्ता मागते. पुढचं चाक तिघींचं १५ इंची आणि टायरही एकाच मापाचा, १२०/७०, त्यामुळे पुढच्या बाजूनं खड्ड्यातून जाताना मला फार मोठा फरक जाणवला नाही.

एक चूक मी केली, ती सांगायलाच हवी. पहिल्या दोन महिन्यांत गाडी पाडली. वेग चालण्याइतका, हँडल पूर्ण वळवलेलं, खाली बारीक खडी आणि मी पुढचा ब्रेक दाबला. त्या क्षणी ११० किलोची गाडीसुद्धा पडली असती. मॅक्सी स्कूटरला क्लच लिव्हर नसते. रेस पूर्ण सोडली की आतला क्लच सुटतो, गाडी मोकळी धावते आणि नेमकं तेव्हाच वजन अंगावर आल्यासारखं वाटतं. उपाय हा, की कमी वेगात रेस किंचित धरून ठेवायची आणि मागचा ब्रेक हलका घासत ठेवायचा. गाडी ताणलेल्या दोरीसारखी स्थिर होते. नजर पुढच्या चाकावर नाही, जायचंय तिथे. मोकळ्या मैदानात आठाचा आकडा काढत हा सराव आठवडाभर केला तर ३९ किलोंची धास्ती निम्मी होते, हे मी छातीठोकपणे सांगतो.

आकडे वाचताना एक सापळा: काही ठिकाणी कोरडं वजन छापतात, म्हणजे पेट्रोल, ऑइल, कूलंट वगळून. १३ लिटर पेट्रोलच जवळपास १० किलो भरतं. मी वर दिलेली वजनं सगळी भरलेल्या गाडीची आहेत. तुलना करायची तर तीच करा.

आणि डबलसीट जाणार असाल तर टक्केवारी बदलते. तुम्ही एकटे असताना बर्गमनचं एकूण ओझं एक्समॅक्सपेक्षा १६ टक्के जास्त. मागे ६० किलोचं माणूस आणि १५ किलो सामान आलं की फरक १२ टक्क्यांवर येतो, कारण आता दोन्ही गाड्या जड झालेल्या असतात. अशा वेळी लांब आणि जड गाडी मला जास्त विश्वासाची वाटते. सामान मात्र सीटखाली ठेवा. मागच्या चाकाच्याही मागे, उंचावर लावलेल्या पेटीत जड वस्तू भरली की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डुलायला लागतं. तिथले १० किलो सीटखालच्या २० किलोंपेक्षा जास्त त्रास देतात.

तर माझं मत. पार्किंग सपाट असेल, महिन्यातून दोनचारदा लांबचा प्रवास आणि तोही डबलसीट असेल, तर बर्गमन घ्या, वजनाला घाबरू नका. गाडी रोज ढकलून काढावी लागत असेल किंवा बहुतेक वेळ गर्दीत जाणार असेल तर हलकी घ्या. पण मग एक्समॅक्सबरोबर फोर्झा ३५० वरही बसून बघा: १८४ किलो, सीट ७८० मिलिमीटर. एक्समॅक्सपेक्षा ५ किलो जास्त, पण सीट दीड सेंटिमीटर खाली. माझी उंची तुमच्यापेक्षा दोनच इंच जास्त आहे, आणि मला या दीड सेंटिमीटरनं रोज साथ दिली आहे.

चाचणीला जाल तेव्हा विक्रेत्याला गाडी काढून देऊ नका म्हणावं. रांगेतून तुम्हीच मागे घ्या, तुम्हीच मेन स्टँडवर चढवा आणि उतरवा. पायानं स्टँडच्या दांड्यावर पूर्ण वजन टाका, हातानं उचलायला जाऊ नका. आणि रस्त्यावर निघाल्यावर पहिला यू-टर्न तुम्हाला जी बाजू अवघड वाटते त्या बाजूला घ्या.