वर्गमित्रांची वही ठेवणाऱ्या बाबांना

पत्र : माझी मुलगी चर्चगेटच्या एका नामवंत स्वायत्त कॉलेजात मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत डोंबिवलीत सेमी-इंग्रजीतून शिकली, शाळेत कायम पहिली-दुसरी. बारावी कॉमर्सला 92 टक्के. इथे मात्र वर्गात तिचा नंबर तिसाच्या खाली गेला आहे. बाकीची मुलं पहिल्या वर्षापासून इंटर्नशिप करतात, ही कुठेच नाही. मी बँकेत आहे, आकड्यांची सवय आहे, म्हणून वर्गातल्या 22 हुशार मुलांची लिंक्डइनवरची माहिती एका वहीत उतरवतो आणि दर रविवारी तिला दाखवतो. इंटर्नशिपची लिंक मिळाली तर कुणाला पाठवायची नाही, असं तिला बजावलं आहे. ग्रुप प्रेझेंटेशनमध्ये तिला बोलू देत नाहीत, पीपीटी मात्र रात्री जागून हीच करते. तशी मेहनती आहे. वेळ वाचवायला हल्ली डबासुद्धा परतीच्या गाडीत खाते. पण कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये अडकली आणि एकदा शेवटच्या लोकलनं घरी आली. विचारलं तर म्हणे, 'बाबा, मंडपवाल्याचं बिल माझ्या सहीनं जातं.' पहिल्या पाचात येण्यासाठी तिनं काय करावं? कॅटचा, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा क्लास आत्ताच लावू का? सीएफए ही फायनान्सची परीक्षा द्यावी की डिजिटल मार्केटिंग? शेजारी म्हणतात, हिची पदवी साधी बीकॉमच आहे. हे खरं का?
– एक पालक, डोंबिवली

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती डब्याच्या वाक्यानं. तुम्ही ते कौतुकानं लिहिलं आहे. पण संध्याकाळी सीएसएमटीहून सुटणाऱ्या फास्ट गाडीत लेडीज डब्याची काय अवस्था असते, ते तुमच्या घरात सगळ्यांना माहीत असणार. दादरनंतर खांद्यावरची पर्स पुढे घ्यायलाही जागा उरत नाही. अशा गर्दीत सकाळची गार झालेली पोळी-भाजी खाऊन कसला वेळ वाचतो? दुपारी कॉलेजात मधली सुट्टी होतीच. 19 वर्षांची मुलगी सकाळी लवकर घर सोडते आणि दुपारी भूक लागलेली असताना डबा उघडत नाही, तेव्हा माझ्या मनात पहिली शंका येते की तिला डबा घेऊन बसायला कुणी नाही. किंवा ज्यांच्यासोबत बसावं, त्यांच्यात बसवत नाही. माझा अंदाज चुकीचा असेल तर मला आनंदच होईल. पण गुण, इंटर्नशिप, कॅट हे सगळं बाजूला ठेवून आधी एवढं तिला विचारा. विचारताना हातात वही नको.

आता त्या वहीबद्दल. ती बंद करा. पुढच्या रविवारपासून नव्हे, आजपासून.

तुम्ही बँकेतले आहात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते : त्या वहीतल्या नोंदींचं ऑडिट झालेलं नाही. लिंक्डइनवर जो तो स्वतःबद्दल स्वतःच लिहितो. दुसऱ्या वर्षातल्या मुलांच्या ज्या 'इंटर्नशिप' तुम्ही उतरवल्या आहेत, त्यातल्या कितीतरी घरबसल्या, बिनपगारी, महिन्याभराच्या असतात. 'कॅम्पस अँबॅसडर' म्हणजे अनेकदा एखाद्या अ‍ॅपचा सवलतीचा कोड चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा आणि बदल्यात प्रमाणपत्र घ्यायचं. काही ठिकाणी तर त्या प्रमाणपत्रासाठी मुलांकडूनच पैसे घेतले जातात. दुसरा प्रकार खऱ्या कामाचा असतो, पण ते काम वडिलांच्या ओळखीच्या सीएकडे किंवा काकांच्या ब्रोकरेज फर्ममध्ये मिळालेलं असतं. त्यात त्या मुलांचा काही दोष नाही. मात्र दक्षिण मुंबईत वाढलेल्या, घरात तीन पिढ्यांचा धंदा असलेल्या मुलाची ओळ आणि तुमच्या मुलीची रिकामी ओळ शेजारी-शेजारी मांडून तुम्ही ती दर रविवारी तिच्यासमोर धरता. आठवडाभर कॉलेजात तिला हेच दिसतं. रविवारी घरीही तेच दिसलं, तर तिनं जायचं कुठे?

इंटर्नशिपची लिंक कुणाला पाठवायची नाही हा सल्लाही मागे घ्या. तो चुकीचा आहे आणि तिला महागात पडतोय. अशा कॉलेजांत प्रत्येक वर्गाचा एक मोठा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो आणि त्याच्या पोटात पाच-सहा जणांचे छोटे ग्रुप. खरी माहिती छोट्या ग्रुपमध्ये फिरते : कुठल्या कंपनीत जागा आहे, कुठल्या सरांकडून शिफारसपत्र मिळतं, इंटरव्ह्यूला काय विचारलं. त्या ग्रुपमध्ये जागा मिळते ती देणाऱ्याला. कधीच काही न पाठवणारी मुलगी हळूहळू मोठ्या ग्रुपवरच राहते, आणि तिथे फक्त हजेरीची आणि टाइमटेबलची चर्चा असते. शिवाय पुढे नोकरी बदलताना अनेकदा आधी फोन जातो तो कॉलेजातल्या कुणालातरी. आज तुम्ही तिला ज्या 22 जणांपासून लपून राहायला सांगताय, दहा वर्षांनी त्यातलेच दोघं-तिघं तिचा बायोडेटा आपल्या कंपनीत पुढे सरकवतील.

या सगळ्याच्या मुळाशी एक समज आहे, आणि तो तुमच्या एकट्याचा नाही. वर्गात पहिल्या पाचात आलं की पुढची दारं उघडतात आणि सहाव्यापासून पुढच्यांना उरलंसुरलं मिळतं, असं पुष्कळ पालकांना वाटतं. शाळेत पहिल्या आलेल्या मुलांच्या घरी तर हमखास. जरा आकडे बघा. पत्रासोबत तुम्ही पाठवलेल्या गुणपत्रिकेत प्रत्येक विषयाचे गुण 100 पैकी आहेत आणि ग्रेड त्या गुणांवरून ठरलेली आहे. शेजारच्या मुलीला 85 मिळाले म्हणून तुमच्या मुलीचा एकही गुण कमी होत नाही. इतरांच्या तुलनेत ग्रेड देण्याची पद्धत आयआयएमसारख्या संस्थांत आहे, या गुणपत्रिकेत नाही. कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या साधारणपणे टक्क्यांची एक किमान अट घालतात. त्या अटीत बसणाऱ्या सगळ्यांची चाचणी होते, मग गटचर्चा आणि मुलाखत, आणि तिथे पहिल्या नंबरची मुलगी बाहेर राहून पंचविसावी आत गेल्याचं दरवर्षी दिसतं. आयआयएमचं म्हणाल, तर वर्गात कितवी होतीस हा तिथे निवडीचा निकषच नाही. दहावी, बारावी, पदवीचे गुण, कॅटचा पर्सेंटाइल आणि पुढे मुलाखत, असं सगळं मिळून बघतात. काही आयआयएम मुलींना आणि बिगर-इंजिनिअर उमेदवारांना थोडे जास्त गुणही देतात. 2024 मध्ये कॅटला सुमारे 2.93 लाख जण बसले होते. पर्सेंटाइल, म्हणजे किती टक्के उमेदवार आपल्या मागे आहेत, हे त्यांच्यातून निघतं. तुमच्या वहीतल्या 22 जणांवर मात करून तिच्या पर्सेंटाइलमध्ये काय फरक पडणार?

पदवीबद्दल शेजाऱ्यांचं बोलणं मनावर घेऊ नका. 2024-25 पासून बीएमएस, बीबीए हे मॅनेजमेंटचे पदवी अभ्यासक्रम एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले, त्यांच्यासाठी राज्याची सीईटी म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा आली, आणि त्याच वेळी मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांनी आपल्या बीएमएसचं नाव बदलून बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) केलं. एमबीएच्या प्रवेशाला किंवा नोकरीच्या अर्जाला ही पदवी कुठेही कमी पडत नाही.

सीएफएची पहिली पातळी पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांत देता येते, पण शुल्क डॉलरमध्ये असतं आणि फायनान्स मनापासून आवडत असेल तरच त्या वाटेला जावं. पत्रात तशी आवड मला कुठे दिसली नाही. डिजिटल मार्केटिंगचा कोर्स पैसे भरून करू नका.

ग्रुप प्रेझेंटेशनची तक्रार मात्र खरी आहे आणि तिचं गांभीर्य तुमच्या पत्रात दोन ओळींत हरवलं आहे. उपनगरांतून, सेमी-इंग्रजीतून आलेल्या मुलांकडून मी हे सतत ऐकते. ज्यांचं इंग्रजी सफाईदार, ती मुलं सुरुवात आणि शेवट घेतात. मधल्या आकड्यांच्या स्लाइड कुणालाच नको असतात. अशी मुलगी रात्री दोनपर्यंत एक्सेलमधले तक्ते नीट करते, आणि सकाळी सर तक्त्यावर प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर दुसरंच कुणीतरी देतं, तेही अर्धवट. अंतर्गत गुणांचा मोठा वाटा अशा प्रेझेंटेशनमध्ये असतो, त्यामुळे तिचा नंबर घसरण्यामागे हेही एक कारण असू शकतं. यावर उपाय करताना भांडायची गरज नाही. कामं वाटतानाच, म्हणजे विषय मिळाला त्या दिवशी, ग्रुपमध्ये लिहून टाकावं : 'आकडे मी काढते, आणि आकड्यांवरचे प्रश्नही मीच घेते.' ज्यानं आकडे काढले त्यालाच ते सांगता येतात, त्यामुळे याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. इंग्रजी अडखळलं तरी चालेल. दुसऱ्या वर्षात चार वेळा अडखळली, तर तिसऱ्या वर्षाच्या मुलाखतीपर्यंत ते अडखळणं बरंच कमी झालेलं असेल. घरी मात्र तिच्या उच्चारांवर कुणी बोलू नका.

आता मंडपवाल्याचं बिल. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंत, आणि तुमच्या सबंध पत्रात मुलीच्या तोंडचं तेवढं एकच वाक्य आहे.

व्हाउचरवरच्या सहीचा अर्थ बँकेत काम करणाऱ्या माणसाला मी सांगायला नको. मुंबईतले कॉलेज फेस्टिव्हल म्हणजे नाचगाणं, एवढंच बाहेरून दिसतं. 'मल्हार' असो, 'उमंग' असो की 'क्षितिज', आत एक सबंध कंपनी चालत असते : प्रायोजक आणणारे वेगळे, बाहेरच्या कॉलेजांची पथकं सांभाळणारे वेगळे, आणि सामानसुमान, परवानग्या, गाड्या बघणारे वेगळे. यातलं शेवटचं काम कुणालाच हवं नसतं, कारण त्यात फोटो निघत नाहीत. मंडपवाल्याचं बिल पास करायचं म्हणजे आधी दोन-तीन जणांकडून दर मागवायचे, त्यातला एक ठरवायचा, आगाऊ रक्कम कॉलेजच्या अकाउंट्स ऑफिसातून सोडवून घ्यायची, आणि टेम्पो आला की चलनावर 300 खुर्च्या लिहिल्या आहेत तर त्या खरंच 300 आहेत का, हे उभं राहून मोजायचं. 20 कमी असल्या तर तिथल्या तिथे खोडून ड्रायव्हरची सही घ्यायची. रात्री 10 ला लाउडस्पीकर बंद होतो, बाकीचे घरी जातात, आणि सामान मोजून परत देणं तेव्हा सुरू होतं. शेवटची लोकल का पकडावी लागली, ते यावरून लक्षात येईल. एवढ्या मोठ्या कॉलेजानं दुसऱ्या वर्षातल्या मुलीच्या सहीवर बिल सोडावं, हा तिच्यावर टाकलेला विश्वास आहे. वर्गात तिसाच्या खाली नंबर असलेल्या मुलीवर.

रात्री उशिरा एकटीनं येण्याची काळजी योग्यच आहे. त्यासाठी पुढच्या वर्षी दादर-माटुंग्याला कुणा नातेवाइकाकडे किंवा मैत्रिणीकडे राहण्याची सोय आधीच करून ठेवा. पण फेस्टिव्हल सोडायला सांगू नका.

एका बिलावरून मी तिचं करिअर ठरवत नाहीये, तुम्हीही ठरवू नका. पण तिला ते काम आवडलं का, हे विचारा. आवडलं असेल तर तुमच्या वहीतली बँका आणि कन्सल्टिंग कंपन्यांची नावं तिच्या कामाची नाहीत. ऑपरेशन्स, पुरवठा साखळी, गोदामं, किरकोळ विक्री ही तिची क्षेत्रं असू शकतात, आणि ती तुमच्या घरापासून लांबही नाहीत. भिवंडी हे देशातल्या मोठ्या गोदाम-केंद्रांपैकी एक आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार ऑन-जॉब ट्रेनिंग अभ्यासक्रमातच आलं आहे, ते तिनं चकचकीत ऑफिसाऐवजी अशा एखाद्या गोदामात केलं तर माल आत कसा येतो, कुठे अडतो, परत आलेल्या मालाचा हिशेब कसा लागतो, हे तिला उभं राहून बघता येईल. पुढे एमबीए करायचंच झालं, तर पवईची निटी ही 1963 पासूनची संस्था 2023 मध्ये आयआयएम मुंबई झाली आहे. ऑपरेशन्स आणि सप्लाय चेनसाठी तिचं नाव आधीपासून आहे. जमनालाल बजाज आणि सिडनहॅमची सिमसरी या मॅनेजमेंट संस्था तर तुमच्या मुलीच्या कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तिथला प्रवेश मुख्यतः राज्याच्या एमबीए सीईटीतून होतो.

तिची झोप, भूक, घरातलं बोलणं यांत गेल्या काही महिन्यांत फरक पडला आहे का, ते तिच्या आईला विचारा. आयांच्या हे आधी लक्षात येतं. पडला असेल तर वाट बघत बसू नका, कॉलेजच्या समुपदेशकांना भेटू द्या. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

राहिला कॅटचा क्लास. आत्ता पैसे भरू नका. ही परीक्षा गेली काही वर्षं नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते आणि तिसऱ्या वर्षात असतानाच देता येते, त्यामुळे उशीर झालेला नाही. मे महिन्याच्या सुट्टीत तिनं एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवावा : दोन तास, तीन भाग, प्रत्येकी 40 मिनिटं. इंग्रजी उतारे, कोडी आणि गणित यांपैकी कुठे अडतं ते तिचं तिला दिसेल. त्यानंतर क्लास लावायचा की घरी करायचं, की नोकरीची दोन वर्षं झाल्यावर परीक्षा द्यायची, हे तिला ठरवू द्या. मला विचारायचं असेल तर तिनं स्वतः लिहावं. तिच्या पत्राचं उत्तर मी तिलाच पाठवीन.