प्रश्न बडोद्याचाच घेऊन जा

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा परवा फोन आला. जर्मनीतल्या लिंडाऊच्या नोबेलविजेत्यांच्या संमेलनाला तुझी निवड झाली, हे सांगताना ती इतकी हरखली होती की नेमकं काय झालंय ते मलाच तिला समजावून सांगावं लागलं. दांडिया बाजारात बातमी केव्हाच पोहोचली आहे: "जर्मनीला नोबेलवाल्यांना भेटायला चालली." चुकीचं नाही म्हणा, पण अर्धवट आहे. अभिनंदन एकदाच करते, मनापासून करते, आणि लगेच कामाचं लिहिते.

तिथे काय काय असतं ते तुला आलेल्या कागदांत असेलच. सकाळी व्याख्यानं, दुपारी मोकळ्या चर्चा, एखाद्या नोबेलविजेत्याबरोबर जेवण, थोड्या जणांबरोबर फिरायला जाणं, शेवटी बोटीनं मायनाऊ बेटाची सहल. तीस-चाळीस नोबेलविजेते आणि पस्तिशीच्या आतले सहाशेच्या आसपास तरुण संशोधक. कागदांत बहुधा पुसट असेल ती गोष्ट म्हणजे हे सुरू कसं झालं. युद्धानंतर जर्मन विज्ञानाशी बाहेरच्यांचा संबंध जवळजवळ तुटला होता. तेव्हा हाइन आणि पाराडे या लिंडाऊच्याच दोन डॉक्टरांनी स्वीडिश राजघराण्यातल्या काउंट लेनार्ट बर्नाडोट यांना मध्ये घेतलं आणि १९५१ साली सात नोबेलविजेते बोडन सरोवरातल्या त्या छोट्या गावात जमवले. पहिलं संमेलन डॉक्टरांसाठी होतं, विद्यार्थी पुढे आले. म्हणजे मुळात हेतू तुटलेलं बोलणं पुन्हा जोडण्याचा होता. सत्कार वगैरे नंतरचं. तू जाशील ती बोलायला जाशील, दर्शनाला नाही, हे पक्कं ठेव.

आता हिशेब कर. एक आठवडा, सहाशे मुलं. व्याख्यान संपलं की विजेत्यांभोवती लग्नाच्या रिसेप्शनला स्टेजसमोर लागते तशी रांग लागणार: फोटो, नमस्कार, पुढचा. तुझ्या वाट्याला नीट विचारता येईल असा एखादा प्रश्न येईल, फार तर दोन. तो "तरुणांना काय संदेश द्याल?" यावर घालवलास तर मी तुझ्याशी आठवडाभर बोलणार नाही. त्याचं उत्तर त्यांनी शेकडो वेळा दिलेलं आहे, पाठ झालेलं असतं. त्यांच्या शोधाविषयीही विचारू नकोस. लिंडाऊची जुनी व्याख्यानं इंटरनेटवर फुकट पाहायला मिळतात, पेपर तू वाचलेलेच आहेस. जे कुठेच छापलेलं नसतं ते विचार. हाच प्रश्न का धरला, कुठला सोडला, आणि सोडायची वेळ आली हे कशावरून कळलं. पेपरात शेवटी जमलेलं तेवढं येतं. सोडलेलं येत नाही, आणि पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला तुला नड आहे ती त्याचीच.

आपल्या घरचंच उदाहरण घे. वेंकी रामकृष्णन आपल्या बडोदा विद्यापीठाच्या सायन्स फॅकल्टीचे, १९७१चे फिजिक्सचे बी.एस्सी. वडील इथेच बायोकेमिस्ट्रीचे विभागप्रमुख होते. नोबेल मिळालं तेव्हा गावात "आपला बडोद्याचा मुलगा" म्हणून केवढा उत्साह! मला त्यांचं बडोदेकर असणं तितकंसं कामाचं वाटत नाही. कामाचं हे, की १९७६मध्ये अमेरिकेत फिजिक्सची पीएच.डी. हातात पडल्यावर हा माणूस सॅन दिएगोला जाऊन बायॉलॉजीच्या वर्गात पुन्हा पहिल्यापासून विद्यार्थी म्हणून बसला. पुढे प्राध्यापकाच्या नोकरीसाठी पन्नासएक ठिकाणी अर्ज केले, कुणी घेतलं नाही. आणि २००९चं नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं, रायबोसोमच्या, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, रचनेसाठी.

त्याच पारितोषिकात त्यांच्याबरोबर थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ होत्या. योनाथबाईंची तऱ्हा बरोबर उलटी. रायबोसोमचे स्फटिक करता येतील यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता तेव्हा, १९८०च्या सुमारास, त्यांना पहिले स्फटिक मिळाले. ऊन पाण्याच्या झऱ्यातले, मृत समुद्रातले चिवट जिवाणू शोधून त्यांचे रायबोसोम वापरायचे, ही त्यांचीच युक्ती. स्फटिक मिळाले तर रचना बघायला वापरायच्या क्ष-किरणांनीच ते खराब व्हायला लागले. मग द्रवरूप नायट्रोजननं उणे १८५ अंशांपर्यंत गार करून मोजमाप घ्यायचं तंत्र बसवलं. रायबोसोमच्या लहान भागाची बारकाव्यांसह रचना हाती आली २००० साली. वीस वर्षं एकाच गोष्टीला चिकटून! एकानं विषयच सोडला, दुसरीनं हलायचं नाव घेतलं नाही, आणि दोघं एकाच वर्षी एकाच मंचावर. यातून नियम काढायला जाशील तर फसशील. म्हणून तर विचारायचं: तुम्हाला तेव्हा काय दिसत होतं, की टिकून राहावंसं वाटलं? की सोडावंसं?

पण नुसतं हे विचारलंस तरी उत्तर गोड आणि गुळमुळीत मिळेल. तुझं स्वतःचं अडलेलं समोर ठेवलंस तर तो माणूस खुर्चीत पुढे सरकून बसेल. आणि तुझं अडलेलं चांगलं आहे, तुला वाटतं त्याहून चांगलं.

दिवाळीनंतर तू मला ते दोन आलेख दाखवलेस, आठवतंय? पाण्यातला रंग शोषून घ्यायला कच्छची बेंटोनाइट चिकणमाती, आणि डिस्टिल्ड पाण्यात मेथिलीन ब्लू हा धनभारित निळा रंग. माती टाकली की बीकर बघता बघता निवळतो, पाण्यात रंग किती उरला ते दाखवणारी ६६४ नॅनोमीटरवरची रेघ खाली बसते, माती किती रंग धरते ते सांगणारं लँगम्युअरचं समीकरण असं जुळतं की परीक्षक खूश. आणि शेजारचा दुसरा आलेख, खऱ्या कारखान्याच्या पाण्याचा. तिथे रेघ हलायलाच तयार नाही. तू तो कागद पटकन उलटा करून ठेवलास. कारण तुला ठाऊक आहे: खऱ्या पाण्यात क्षार असतात, सोडियम-कॅल्शियम मातीवरच्या त्याच जागांसाठी झगडतात, आणि कापडाचे बरेचसे रिअॅक्टिव्ह रंग ऋणभारित, म्हणजे ऋणभारित मातीला ते चिकटणारच नाहीत. धनोऱ्याहून सरोदपर्यंत पन्नासावर किलोमीटर वाहत जाणाऱ्या आपल्या एफ्लुएंट चॅनलमध्ये, कारखान्यांच्या सांडपाण्याच्या त्या कालव्यात, डिस्टिल्ड पाणी नसतं. (बडोद्यानं १८९०मध्ये कलाभवन ही तंत्रशाळा काढून, रसायनतज्ज्ञ गज्जरांच्या हाताखाली, रंगाई शिकवली. रंग काढायचं कोडं आता तुमच्या पिढीकडे आलं आहे, त्याला इलाज नाही.)

तो उलटा ठेवलेला कागद लिंडाऊला घेऊन जा.

गेरहार्ट एर्टल यांना २००७चं नोबेल पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी मिळालं. लोखंडाच्या अगदी स्वच्छ स्फटिकावर, जवळजवळ निर्वात जागेत, नायट्रोजनचा रेणू कसा बसतो आणि कसा तुटतो ते त्यांनी पायरी-पायरीनं दाखवलं. आपल्या फर्टिलायझरनगरात ज्या अभिक्रियेनं अमोनिया तयार होतो तीच ही. पण कारखान्यात दाब शंभर वातावरणांच्या वर असतो, उष्णता चारशे अंशांच्या पुढे, आणि उत्प्रेरक काही आरशासारखा स्वच्छ नसतो. प्रयोगशाळेतलं उत्तर कारखान्यात खरं ठरेल का, हा वाद त्या क्षेत्रात फार चालला. त्याला ते लोक 'प्रेशर गॅप' म्हणतात. एर्टल यांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं ठरलं. तुझ्या बाबतीत ठरत नाहीये. म्हणजे तुझ्याकडे आहे ती अपयशाची नोंद नाही, त्याच जुन्या वादातली एक नवी केस आहे.

तेव्हा प्रश्न असा काहीसा बांध: "स्वच्छ पृष्ठभागावर मिळालेलं उत्तर घाणीत टिकेल की नाही, हे तुम्ही कशावरून ताडता? टिकत नसेल तर प्रयोग बदलायचा की प्रश्न?" यंदाच्या यादीत एर्टल असोत वा नसोत, उत्प्रेरकांवर, पृष्ठभागांवर, नाहीतर प्रथिनांवर काम केलेला कुणीही याला उत्तर देऊ शकतो. कदाचित उत्तर न देता तुलाच दोन प्रश्न विचारेल. तसं झालं तर समज की काम झालं.

इंग्रजीची धास्ती तू बोलून दाखवली नाहीस, पण मला कळते. घरी मराठी, फॅकल्टीत गुजराती-हिंदी, थिसिस इंग्रजीत, त्यामुळे मोठं वाक्य मध्येच अडकतं. मग मोठं वाक्य बोलूच नकोस. तिथे जमणाऱ्यांत पुष्कळ जणांची मातृभाषा इंग्रजी नसते, विजेत्यांतही. दोन मिनिटांत आपलं काम सांगता आलं पाहिजे, आणि ते आधी गुजरातीत सांगून बघ, रिक्षात, भाजीवाल्या बेनला, कुणालाही. त्यात "अॅडसॉर्प्शन आयसोथर्म" म्हणायची सोय नसते, म्हणून खरं काय चाललंय ते आपोआप बाहेर येतं. तिला कळलं की मग इंग्रजीत घाल.

आणि ते उरलेले सहाशे. घरचे सगळे विजेत्यांकडे डोळे लावून बसलेत, पण माझ्या मते तुझा अर्धा फायदा जेवणाच्या टेबलावर शेजारी बसणाऱ्या मुलामुलींत आहे. बांगलादेशात, तुर्कस्तानात कापड रंगतं, तिथल्याही नद्यांना हाच त्रास आहे. असं कुणी भेटलं तर तुझा दुसरा आलेख पुढे कर, त्यांचाही मागून घे. पुढची तीस वर्षं तुमचे पेपर तपासणारे, तुम्हाला बोलावणारे, तुमच्याशी भांडणारे हेच असणार आहेत. नाव-पत्ता लिहून घे आणि परतल्यावर आठवड्याच्या आत प्रत्येकाला दोन ओळी पाठव. महिन्यानंतर पाठवलेल्या पत्राला कुणी उत्तर देत नाही.

फोटो जरूर काढ, एक. आईला फ्रेम करायची आहे.

बाकी बारीकसारीक. पासपोर्टची मुदत आज रात्रीच बघ, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने हवी. व्हिसाची अपॉइंटमेंट लगेच घे, उन्हाळ्यात फार गर्दी होते. जून-जुलै असला तरी सरोवराकाठी संध्याकाळी गारवा असतो, पातळ स्वेटर ठेव. लीलो चेवडो ने, खोलीत चहाबरोबर लागतो आणि ओळखी करून द्यायला त्यासारखं काही नाही. दोन मिनिटांचं बोलणं तयार झालं की रविवारी सकाळी ये, सेव उसळ मागवते. दोन्ही आलेख आण. दुसरा सुलटा ठेवून.

तुझी,
मावशी