हाँगकाँगमधील ॲव्हेन्यू ऑफ स्टार्ससाठी एक संध्याकाळ द्यावी का?

हाँगकाँगमध्ये दोनच दिवस हाताशी असताना ॲव्हेन्यू ऑफ स्टार्स या बंदराकाठच्या पायवाटेवर चित्रपटांतल्या नटनट्यांच्या हातांचे ठसे पाहण्यात संध्याकाळ घालवावी का, असे आपण विचारले आहे. संध्याकाळ अवश्य द्यावी. मात्र निव्वळ ठशांसाठी जाणार असाल, तर जाऊ नये हे बरे.

माझे वडील मुंबईच्या स्टुडिओंमध्ये आयुष्यभर कॅमेरा अटेंडंट होते. कॅमेऱ्याच्या पेट्या वाहणे, लेन्स पुसून हातात देणे आणि काळ्या पिशवीत दोन्ही हात घालून केवळ स्पर्शाने मॅगझिनमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायच्या बंद डब्यात, फिल्म भरणे हे त्यांचे काम. नूतनीकरणासाठी २०१५ साली तो किनारा बंद झाला, त्याआधी आम्ही सहकुटुंब तेथे गेलो होतो. ब्रूस लीच्या पुतळ्याभोवती गर्दी उसळली होती, पण वडील थेट कॅमेरामनच्या शिल्पापाशी गेले, मॅगझिनवर हात ठेवून नातवंडांना फिल्म कुठून आत जाते आणि कुठून बाहेर येते ते दाखवू लागले. पुढे त्यांनी मुलांना दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटातली तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने साकारल्याचे सांगितले. हाँगकाँगच्या चित्रपटसृष्टीचे जनक मानले जाणारे लाय मान-वाय यांनीही त्याच सुमारास आपल्या मूकपटात स्वतः स्त्रीभूमिका केली होती, हे ऐकल्यावर तर त्यांना मनस्वी आनंद झाला. आमच्या मेव्हण्यांना मात्र नेथन रोडवरच्या दुकानांची घाई होती आणि "सिमेंटातले पंजे किती वेळ बघायचे?" असे ते सर्वांसमक्ष म्हणाले. ते बोलणे मला आजही पटलेले नाही. ताऱ्यांच्या रांगेत कॅमेऱ्यामागच्या माणसालाही उभे करणाऱ्या शहराला आपला धंदा कळतो, असे माझे ठाम मत आहे.

सेंट्रल भागातून स्टार फेरी या बोटीने बंदरापलीकडच्या चिम शा चुईला उतरावे, जुन्या घड्याळाच्या मनोऱ्यावरून चालत जावे आणि रात्री ८ वाजता सुरू होणारा बंदरावरचा प्रकाशखेळ पाहूनच परतावे. एक गोष्ट सांगायची राहिली: २०१९ साली किनारा पुन्हा खुला झाला, तेव्हा जमिनीवरचे ठसे कठड्यावर आले आणि मांडणीही बदलली, त्यामुळे माझे वर्णन जुन्या रचनेचे समजावे. शिवाय उन्हाळ्यात तेथे दुपारी उकाडा असह्य होतो. बरोबर कोणी खरेदीची घाई करणारे असेल, तर त्यांना खुशाल दुकानांत पाठवून द्यावे आणि आपण घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर तेथेच थांबावे.