आराखड्याशिवाय रहस्यकथा

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी एनिड ब्लायटन यांची ‘फेमस फाइव्ह’ मालिका वाचून स्वतः रहस्यकथा लिहू लागली आहे. आधी कथानक ठरवून घे, असे मी तिला सांगते. पण ब्लायटन आराखडा न करताच लिहीत असत, असे तिचे म्हणणे आहे. हे खरे आहे का? आणि तिला तसे लिहू द्यावे का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपल्या मुलीचे म्हणणे खरे आहे. पीटर मॅकेलर या मानसशास्त्रज्ञांना १९५३ पासून लिहिलेल्या पत्रांत ब्लायटन यांनी आपली पद्धत स्वतःच सांगितली आहे. टंकलेखन यंत्र मांडीवर घ्यायचे, काही मिनिटे डोळे मिटून मन कोरे ठेवायचे. मग पात्रे जिवंत माणसांसारखी समोर उभी राहतात आणि पडद्यावर चित्रपट पाहावा तशी गोष्ट आपोआप उलगडत जाते, असे त्यांचे वर्णन आहे. या पद्धतीने त्या दिवसाकाठी सहा हजार आणि कधी दहा हजार शब्दही लिहीत.

मात्र या वेगामागची तयारी मुलीला अवश्य सांगावी. १८९७ साली लंडनमध्ये जन्मलेल्या ब्लायटन यांनी, वडिलांना त्या पियानोवादक व्हाव्यात असे वाटत असताना, शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, मुलांना शिकवले आणि मुलांच्या नियतकालिकासाठी वर्षानुवर्षे गोष्टी लिहिल्या. ‘फेमस फाइव्ह’चे पहिले पुस्तक १९४२ साली आले, तेव्हा त्या पंचेचाळीस वर्षांच्या होत्या. मुलांचे कुतूहल कुठे ताणले जाते आणि कुठे ती कंटाळतात, हे त्यांना इतके अंगवळणी पडले होते की कागदावर वेगळा आराखडा मांडण्याची गरज उरली नव्हती.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ‘फेमस फाइव्ह’च्या एकवीस पुस्तकांत साहस अधिक आणि तपास कमी आहे, भुयार सापडले, चोरटा माल दिसला, की कथा आपल्याच ओघाने पुढे जाते. ज्या कथेत ‘हे कोणी केले?’ हा प्रश्न असतो, तिथे मात्र वाचकाला दिलेल्या धाग्यांतूनच उत्तर निघाले पाहिजे, नाहीतर मूल स्वतःला फसवले गेले असे समजते आणि ते योग्यच आहे. यासाठी ब्लायटन यांचीच ‘फाइव्ह फाइंड-आउटर्स’ ही पंधरा पुस्तकांची मालिका तिला द्यावी. संशयितांची यादी करणे, घटनेच्या वेळी कोण कुठे होते हे पडताळणे आणि खोटे धागे वेगळे काढणे, हे तिथे मुले प्रत्यक्ष करताना दिसतात.

म्हणून पहिला खर्डा तिला मनसोक्त, न अडवता लिहू द्यावा. गुन्हेगार कोण हे तिलाही शेवटी कळले तरी चालेल. त्यानंतर मात्र शेवटाकडून सुरुवातीकडे जात, उत्तराचा पुरावा आधीच्या प्रकरणांत कुठे ठेवता येईल, हे तिने शोधावे. असे पुरावे तिच्या घराजवळच आहेत. गोदावरीचा पूर नाशिककर नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवरून मोजतात. त्या संध्याकाळी पाणी मारुतीच्या कमरेला लागले होते, हे दुसऱ्या प्रकरणात सहज येऊन गेले, आणि सातव्या प्रकरणात एखादा माणूस ‘मी तेव्हा रामकुंडाच्या पायऱ्यांवर बसलो होतो’ असे म्हणाला, तर नदीतल्या त्या पायऱ्या तेव्हा पाण्याखाली होत्या आणि तो खोटे बोलतो आहे, हे नाशिकच्या मुलाला कोणी समजावून सांगावे लागणार नाही. परक्या देशातील किल्ले आणि बेटे उसनी घेण्यापेक्षा हा धागा कितीतरी बळकट आहे.

प्रश्न : याच वयाच्या मुलांना मराठीत काय द्यावे?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांच्या ‘फास्टर फेणे’ने सुरुवात करावी. फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत आलेला हा सडपातळ, सायकलवेडा बनेश ऊर्फ फास्टर फेणे मोठ्यांच्या मदतीची वाट पाहत बसत नाही, आणि त्याचा ‘ट्टॉक’ मुले पहिल्याच पुस्तकानंतर उच्चारू लागतात. १८४० साली स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात मुलांना घेऊन जावे आणि मालिकेतील कोणते पुस्तक आधी वाचायचे, हे त्यांनाच ठरवू द्यावे.