लॅपटॉपला जोडलेला दुसरा मॉनिटर चालू होत नाही? आधी एवढं बघा

भाऊ, नवा डॉक (लॅपटॉपच्या एका पोर्टला मॉनिटर वगैरे जोडायचा डबा) घ्यायला लगेच जळगावचं गोलाणी मार्केट गाठू नका. आधी दोन्ही मॉनिटर काढा आणि एकेक करून थेट लॅपटॉपला लावा. एक चालला की त्याचीच केबल दुसऱ्याला लावून बघा. केबल सैल असते, नाहीतर मॉनिटरच्या मेनूत इनपुट भलतंच निवडलेलं असतं. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. मग विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ (दोन्ही पडद्यांवर वेगवेगळं चित्र) निवडा.

नवे लोक हमखास फसतात ते इथे:

- एचडीएमआय स्प्लिटर: स्वस्त म्हणून घेतात, पण तो एकच चित्र दोन्हीकडे दाखवतो.
- टाइप-सी पोर्ट: दिसायला सगळे सारखे, पण काहींतून फक्त चार्जिंग आणि डेटा जातो, चित्र नाही. मॉडेलच्या माहितीत ‘डिस्प्लेपोर्ट’ किंवा ‘थंडरबोल्ट’ लिहिलंय का, ते वाचा. दुकानदाराच्या ‘चालेल हो’वर जाऊ नका.
- लॅपटॉपचीच मर्यादा: एम1 मॅकबुक एअर अधिकृतपणे एकच बाहेरचा मॉनिटर चालवतो. तिथे केबली बदलत बसण्यात अर्थ नाही.

ड्रायव्हर, रिफ्रेश रेट वगैरे नंतर बघू. एवढं करून लॅपटॉपचं मॉडेल कळवा.